वीरडीची मीठडी

रविवार उजाडला की काठियावाडातल्या वीरडीत छकड्यांची रांग लागायची. बोटादकडून, गढड्याकडून, कुठल्या कुठल्या खेड्यांतून माणसं यायची आणि सगळी एकाच दारी उतरायची, अंगात माताजी येणाऱ्या भुवा करसनबापाच्या. अंगणात मांडव, पुढं बायका, मागं पुरुष, मधे माताजीचा पाट. पाय ठेवायला जागा नसायची. आणि या मांडवात बरा होणारा रोग कुठला, तर डायबिटीस. फाटकाबाहेर उसाच्या रसाची गाडी उभी असायची, तिचाही धंदा तेजीत होता.

डमरूसारखं डाकलं वाजायला लागलं की बापा घुमायला लागायचा. पांढरा चोरणा, मनगटात चांदीचं कडं, गालात तंबाखूचा मावा. मावा कधी थुंकायचा आणि माताजी कधी अंगात घ्यायची, याचा त्याला पक्का अंदाज होता.

"दाक्तर काय म्हणतो? डायबिटीस!" बापा गरजायचा. "अरे, दाक्तरानं नाव ठेवलं म्हणजे तो बाप झाला का रोगाचा? मी सांगतो काय आहे ते. मीठडी आहे, मीठडी! मीठी म्हणजे गोड, गोड बोलून अंगात शिरते. जिभेवर बसते, रक्त पिते, पोट भरलं की काळजावर आडवी होते. मग माणसाला कशातच गोडी वाटत नाही. ना बायकोत, ना पोरांत, ना कामात. खरं की खोटं?"

"खरं बापा, खरं!" मांडव ओरडायचा.

आता लबाडाची कमाल बघा. रक्तातली साखर आणि मनातली उदासी यांचं काहीतरी साटंलोटं आहे, हे साऱ्या पंचक्रोशीत त्या एकट्यानं ओळखलं होतं. ओळखून त्याचं दुकान मांडलं, हा भाग वेगळा.

त्या रविवारी पाटासमोर भीखुभाई बसला होता आणि त्याच्या मागं त्याची बायको रसीला, पदराचं टोक दातात धरून.

भीखुभाई हिरे घासणारा. कारखान्यात एका घंटीभोवती, म्हणजे हिरे घासायच्या चाकाभोवती, चौघं बसतात, आणि भीखुभाईच्या घंटीवर इतकं खिदळणं चालायचं की शेठ वरून ओरडायचा, "भीख्या, हिरा घासतोयस की दात दाखवतोयस?" दिवसभर बूड हलवायचं नाही आणि वर रकाबी रकाबी गोड चहा. दोन वर्षांपूर्वी साखर निघाली. गोळ्या सुरू झाल्या, पुढं सकाळची इन्सुलिनची सुईही आली. तिथपर्यंत ठीक होतं. पण या हिवाळ्यापासून भीखुभाईचं हसणं बंद झालं, मग बोलणं, मग कारखान्यात जाणं. घंटीवरची त्याची जागा रिकामी पडली. सकाळ झाली की भिंतीकडं तोंड करून पडायचं. गोळी हातात दिली तर घ्यायची, नाही दिली तर नाही. कधी दिवस दिवस नुसत्या छाशीवर, ताकावर काढायचे, कधी गुळाच्या सुखडीचा डबा एकट्यानंच रिकामा करायचा. आणि रस्त्यातून जाणाऱ्यानं "भीखुभाई, मजामां?" अशी हाक दिली, तर उत्तरच नाही. काठियावाडात घरात मयत झालेलं असलं तरी माणूस "मजामां", मजेत आहे, म्हणतो. भीखुभाई तेवढंही म्हणेनासा झाला, तेव्हा रसीला खरी घाबरली.

सासू म्हणायची, "आळस चढलाय मेल्याला. एक पाणी मारा तोंडावर." सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर पारुलबेन भल्या बाई, पण बाहेर पन्नास माणसं खोळंबलेली. त्या कागद बघायच्या आणि रागवायच्या. "साखर एवढी कशी? गोळ्या घेता ना? चालायला जाता ना?"

"बेन, हे बोलतच नाहीत हो," रसीलानं एकदा सांगून बघितलं.

"साखर खाली आली की बोलतील. पुढचा!"

आणि इथं या मांडवात करसनबापानं डाकलं थांबवलं, खाली वाकला, भीखुभाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "दीकरा, तुला होतंय तरी काय? कुणी विचारलं का तुला?"

महिनोन् महिने मुका झालेला माणूस ढसाढसा रडला. बापाच्या गुडघ्याला मिठी मारून रडला. त्या क्षणी भुव्यानं रसीलाकडं तिचा जीव मागितला असता, तर तिनं काढून दिला असता.

मग बापानं पितळी ताटातून हिरवी पानं उचलली. "ही माताजीची पांदडी. डोळे मीट. सावकाश चाव. सगळ्या जिभेवर फिरव. घाई केलीस तर मीठडी दाढेत लपेल." भीखुभाई चावत राहिला, डाकलं घुमत राहिलं. मग बापानं गुळाचा खडा त्याच्या जिभेवर ठेवला. "बोल, कसं लागतंय?"

भीखुभाईनं डोळे उघडले. तोंड वेडंवाकडं केलं. "माती... माती लागतेय."

"गोडवा?"

"नाही. अजिबात नाही."

"गेली!" बापानं आरोळी ठोकली. "जिभेवरून उठली, रक्तातून गेली! गूळ ज्याला माती, त्याच्या रक्तात साखर राहीलच कशी?" मांडवात एकच कल्ला झाला. बायकांनी ओवाळायला हात उचलले. मग आवाज खाली आणून बापा म्हणाला, "आता आखडी घ्यायची. माणूस भात सोडतो, तूप सोडतो. तू दवा सोड. चैत्राच्या मांडवापर्यंत गोळी नाही, सुई नाही. मोडलीस, तर मीठडी तुला नाही धरणार, तुझ्या पोरीला धरेल."

आखडी ही काही वीरडीला नवी गोष्ट नव्हे. नवस बोलायचा आणि तो फळेपर्यंत आवडीची वस्तू सोडायची. रसीलानंच पोरीच्या तापात वर्षभर आंबा सोडला होता. तेव्हा दव्याची आखडी तिला वावगी वाटली नाही. घरी जाऊन तिनं गोळ्यांचा डबा माताजीच्या तसबिरीमागं ठेवून दिला, पाया पडून.

आणि काय सांगावं, भीखुभाई उठला! दुसऱ्या दिवशी अंघोळ केली, बाजरीचा रोटला मागून खाल्ला, दहावीतल्या पोरीला, जागुला म्हणाला, "तुझा अभ्यास कुठवर आलाय गं?" उठता बसता पांदडी चावायचा, त्यामुळं सुखडीचा डबाही तसाच पडून राहिला. थोडे दिवस घंटीवरही जाऊन बसला. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या. रसीलानं नारळ वाढवला. कुणीतरी डोक्यावर हात ठेवला, कुणीतरी विचारलं, माणूस पोटभर रडला, तर दोन दिवस हलकं वाटणारच. पण हे तिला कोण सांगणार?

मग तहान लागायला लागली. माठ संपायचा. रात्रंदिवस मोरीत फेऱ्या. अंगावरचा सदरा लोंबायला लागला, आणि भीखुभाई परत भिंतीकडं वळला. मोरीच्या कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागली. रसीला धावत बापाकडं गेली.

"मुंग्या?" बापा खूष झाला. "अगं, मीठडी बाहेर पडतेय! मुंग्या तिला उचलून नेताहेत. आणखी पांदडी दे."

तिनं आणखी पांदडी दिली.

शनिवारी दुपारी प्रसादाच्या द्रोणातली दोन पानं जमिनीवर पडली. प्रसाद केरात टाकायचा नसतो, म्हणून रसीलानं ती उचलली, पुसली आणि तोंडात टाकून चावली. तेवढ्यात शेजारची उजीबेन आली. रसीलानं चहा टाकला, चव बघितली, गोडच नाही. आणखी साखर टाकली. तरी नाही. आणखी एक मूठ.

उजीबेननं घोट घेतला आणि रकाबी खाली ठेवली. "अगं बाई! हा चहा आहे की जिलबीचा पाक? मला मारायचंय का?"

"फिका नाही?"

"फिका? दात किणकिणले माझे!"

रसीला हातातल्या चहाकडं बघतच राहिली. मग उठली, डब्यातला गूळ काढला, तोंडात टाकला. माती. मीठ चाखलं. खारट. कैरीचं लोणचं चाखलं. आंबट, तिखट, सगळं जागच्या जागी. फक्त गोड तेवढं गायब. तिनं उजीबेनला पान चावायला लावलं. उजीबेनला गूळ माती. सासूबाईंना लावलं. त्यांनाही माती.

"म्हणजे मला पण मीठडी होती?" सासूबाई घाबरून म्हणाल्या.

"नाही बा," रसीला सासूला म्हणाली. "म्हणजे यांना कधी नव्हतीच."

ती नवऱ्याजवळ गेली. "ऐकलंत का, जागुचे पप्पा? ते पान कुणाच्याही जिभेचा गोडवा मारतं. माझ्याही. बांच्याही. माताजीचं काही नाही त्यात. गोळी घ्या हो."

भीखुभाईनं भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. "राहू दे," तो म्हणाला. "आखडी मोडली तर पोरीवर जाईल. माझं काय, मी असलो काय नि नसलो काय."

तिनं हात जोडले, पाया पडली, शेवटी ओरडली. त्यानं ओठ मिटून घेतले. मिटलेल्या ओठांत गोळी कशी घालणार? समोर माणूस वाळत चाललाय, औषध तसबिरीमागं आहे, आणि मधे एका चोराची शपथ उभी आहे. रसीला उंबऱ्यात बसून रडली.

रविवारी सकाळीच ती चार पानं रुमालात घेऊन पारुलबेनच्या घरी थडकली. डॉक्टरीणबाईंनी पान उलटसुलट केलं, एक चावलं, मग साखरेची चिमूट तोंडात टाकली. हसल्या. "गुडमार आहे हा. मधुनाशिनी म्हणतात. याचा रस जिभेवर बसला की गोड कळतच नाही. तासाभरात जीभ परत शुद्धीवर येते." एकाएकी त्यांचं हसू थांबलं. "गोळ्या आणि सुई कधीपासून बंद आहे?"

"आखडी घेतली तेव्हापासून."

बाईंनी चप्पल घालता घालताच पिशवी उचलली.

दोघी रसीलाच्या घरी पोचल्या तर भीखुभाई नव्हता. तब्येत फारच उतरली म्हणून सासूबाईंनी त्याला छकड्यात घालून मांडवात नेलं होतं. आदल्या दिवशी स्वतःच्या जिभेनं खरं चाखलेली बाई, पण पोरगा मान टाकायला लागल्यावर तिला भुव्याशिवाय कोण आठवणार? भीती मोठी वाईट.

मांडव गच्च भरलेला. भीखुभाई पाटासमोर अर्धवट गुंगीत, तोंडात पान, जिभेवर गूळ. "गेली! साफ गेली!" बापा ओरडत होता.

रसीला माणसांच्या अंगावरून वाट काढत पुढं गेली आणि तिनं ताटातलं पान उचलून भुव्यासमोर धरलं. "बापा, हे तुम्ही खा."

"काय?"

"पान खा, वर गूळ खा, आणि गोड लागतो का ते सांगा. तुमच्या अंगात तर माताजी आहे. तिथं मीठडी कशी असेल?"

डाकलेवाल्याचा हात थांबला. बापा गुरगुरला, "माताजीची परीक्षा घेतेस? जळून जाशील!"

"माझी सून जळेल तेव्हा जळेल," मागून सासूबाईंचा आवाज आला. सुनेचं धाडस बघून म्हातारीलाही बळ चढलं होतं. "करसन, मी काल खाल्लं ते पान. मला कसली आलीय मीठडी? माझ्या सासऱ्यानं साखर जन्मभर कुलपात ठेवली, मला चिमूट मिळायची मारामार! तरी मला गूळ माती लागला. आता तू खा, नाहीतर मी खाऊ घालते."

मांडवात खसखस पिकली. कुणीतरी पुढं झालं, पान घेतलं, चावलं. मग दुसरा. मग बायका. ताट रिकामं झालं, गुळाची ढेप फुटली. जो तो थू थू करायला लागला. उसाच्या गाडीवाल्यानंही एक पान चावून स्वतःचाच रस पिऊन बघितला आणि म्हणाला, "छे, हे तर गवताचं पाणी!" अख्ख्या वीरडीला एका सकाळीत मीठडी लागली होती.

पारुलबेन एवढ्या वेळात भीखुभाईजवळ पोचल्या होत्या. "आधी यांचे हात धुवा," त्या म्हणाल्या, "गुळाचे आहेत, उगाच चुकीचा आकडा नको." हात धुतले, बोट टोचलं, थेंब यंत्राला लावला. यंत्रानं आकडाच दाखवला नाही. त्याच्या मोजमापाच्या पलीकडं साखर गेली होती.

"बघा," बाई मोठ्यांदा म्हणाल्या. "जिभेवर माती आणि रक्तात पाक! पानानं जीभ आंधळी केली, साखर होती तिथंच आहे. वाढलीय. मुंग्या मीठडीला नेत नव्हत्या, लघवीतून साखर जात होती ती खात होत्या. हा माणूस आज दवाखान्यात नाही गेला, तर उद्या नसेल."

"आखडी मोडाल तर पोरगी..." बापानं शेवटचा बाण सोडला.

"आखडीचा डबा तसबिरीमागं मी ठेवला होता," रसीला म्हणाली. "मीच मोडते. लागायचं ते मला लागू दे."

भीखुभाईनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नाही म्हणायचं त्राणच उरलं नव्हतं. त्याच छकड्यातून त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. गडबडीत करसनबापा मागच्या दारानं सटकला. आता तो पलीकडच्या तालुक्यात असतो म्हणे, ब्लडप्रेशर बरं करतो. तिथं मीठडीचं नाव खारडी झालंय. आणि वीरडीतलीही काही माणसं अजून तिकडं जातात. त्यांनी स्वतः पान चावलं होतं, स्वतः थुंकले होते. "पान खोटं असेल, पण बापा खरा," म्हणतात. काय करणार आता? जीभ तासाभरात शुद्धीवर येते, माणसं नाही येत.

कथा इथं संपायला हवी होती. लबाडी उघडी पडली, रोगी वाचला, साखर उतरली. पण भीखुभाई घरी आला आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून झोपला.

रसीला पारुलबेनपुढं जाऊन बसली. "बेन, साखर उतरली. माणूस नाही चढला."

बाईंनी कागद बघितला. आकडे चांगले होते. "चांगली आलीय साखर," त्या म्हणाल्या.

"तो भुवा चोर होता," रसीला म्हणाली. "पण त्यानं विचारलं होतं त्यांना, तुला होतंय तरी काय म्हणून. तुम्ही नाही विचारलंत. मीही नाही. आम्ही सगळ्यांनी आळशी म्हटलं. आता तो भुवाही गेला. आता यांना कोण विचारणार?"

पारुलबेननी कागद बाजूला ठेवला. त्या म्हणाल्या, "रसीलाबेन, साखर बिघडली की शरीर थकतं, मन खचतं. मन खचलं की माणूस गोळी विसरतो, खाणं बिघडवतो, हालत नाही. मग साखर आणखी बिघडते. हे असं गोल फिरत राहतं. आम्ही एका बाजूनं धरतो आणि म्हणतो, झालं. दोन्ही बाजूंनी धरायला हवं. मनाच्या आजाराचा डॉक्टर जिल्ह्याला आहे. त्याचं औषध आहे, बोलणं आहे. वेळ लागतो. पहिलं औषध लागू पडेलच असं नाही."

"बरे होतील ना पण? नक्की सांगा."

"नक्की नाही सांगता येत. पुष्कळ लोक बरे होतात, एवढं सांगते. नक्की फक्त करसनबापा सांगतो."

रसीलाला त्या क्षणी भुव्याची आठवण आली, आणि आपल्याला ती यावी याचा राग आला. खोट्याची खात्री किती गोड असते, आणि खरं बोलणाऱ्याच्या हातात केवढंसं असतं! पण त्या केवढ्याशानंच तिचा नवरा जिवंत होता. म्हणून ती उठली आणि जिल्ह्याच्या डॉक्टरचा पत्ता नीट समजून घेतला.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी कुणी असं भिंतीकडं वळलेलं असेल, तर मांडव शोधू नका. त्याची साखर मोजा. साखर मोजून झाली की उठू नका, तो कसा आहे ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. गोळी बंद करायला सांगणारा कुणीही असो, कपाळाला कितीही शेंदूर फासलेला असो, त्याला सांगा, हे पान आधी तू खा.

दुसऱ्या दिवशी सकाळी रसीलानं भीखुभाईला सुई दिली, हात धरून उठवलं आणि ओट्यावर आणून बसवलं. स्वतः शेजारी भाजी निवडत बसली. रस्त्यानं घंटीवरचा सोबती डबा घेऊन चालला होता. त्यानं सवयीनं हाक दिली, "काय भीखुभाई, मजामां?"

आणि सवयीनंच, उत्तराची वाट न बघता, पुढं चालू पडला.

भीखुभाईचे ओठ हलले. रसीलाच्या हातातली गवार तशीच राहिली.

"ना," तो म्हणाला. "मजेत नाही मी."

सोबती थबकला. तो रस्त्यावरून मागं आला, डबा खाली ठेवला आणि ओट्यावर भीखुभाईच्या शेजारी बसला.